क्योतोत कुठं जेवायचं

"ममा, क्योतोमध्ये कुठं खायचं? आपण गेलो होतो ना? सेंड मी द लिस्ट लह."

इराचा हा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये, सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कात चहा घेत बसले होते. इरा माझी मुलगी, इथल्या पोरांसारखं वाक्याच्या शेवटी 'लह' नाहीतर 'अह' लावणारी. अठरा वर्षांची आहे, परीक्षा संपल्या आहेत आणि डिसेंबरात तीन मैत्रिणींबरोबर जपानला जायचे बेत चालले आहेत. प्रश्न अगदी साधा होता. मी 'पाठवते' असं लिहिलं आणि चहा पार गार होईपर्यंत फोनकडे बघत बसले.

यादी आहे. मी यादी करणारी बाई आहे. बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय, त्यामुळे वाणसामानाचीसुद्धा मी एक्सेल शीट करते आणि मकरंद, माझा नवरा, त्यावरून मला मनसोक्त चिडवतो. क्योतोची शीट अकरा वर्षांपूर्वीची. ती उघडायची नाही असं मी ठरवलं होतं, पण कधी पुसूनही टाकली नव्हती. त्या दुपारी उघडली. जागेचं नाव, स्टेशनपासून चालत किती मिनिटं, सुट्टीचा वार, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द: 'मासा?' त्याखाली हिरव्या, पिवळ्या, लाल रंगाचे चौकोन. हिरवे फार थोडे होते.

तो रकाना आईसाठी होता. माझ्या आईसाठी.

आई मालवणची. मासे हा तिच्यासाठी जेवणातला पदार्थ नव्हता, जेवणच होतं. बेडोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती राहायला आली की पहिल्या दोन दिवसांत घराचा वास बदलायचा. सकाळी नारळ खवल्याचा, मग कोकमाच्या आगळाचा, मग बांगड्याच्या तिखल्यात पडलेल्या तिरफळांचा. तो वास लिफ्टपर्यंत जायचा. शेजारची चिनी आजी दारात उभी राहून नाक वर करायची आणि आईला अंगठा दाखवायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्यांचं कधी अडलं नाही.

आणि हे सगळं रांधणारी आई स्वतः मासा तोंडात घालत नव्हती. इराच्या जन्मापासून.

इरा अठ्ठाविसाव्या आठवड्यात झाली. काचेच्या पेटीत ठेवलेला तो जीव माझ्या तळहाताहून थोडासाच मोठा होता. हॉस्पिटलच्या त्या मजल्यावर हात धुवायच्या औषधाचा वास होता, आणि यंत्रांचं बारीक टिकटिकणं कधी थांबायचं नाही. ते थांबू नये म्हणून मी श्वास धरून बसायचे. एका सकाळी आई बाहेर कॉरिडॉरमध्ये खिडकीकडे तोंड करून उभी होती. हात जोडलेले, ओठ हलत होते. जवळ गेले तर ती गाऱ्हाणं घालत होती. आमच्याकडे गाऱ्हाणं एकानं घालायचं असतं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. तिथं म्हणायला कुणी नव्हतं. त्यामुळे आई स्वतःच मागत होती आणि स्वतःच होकार भरत होती. "ह्या पोराक जगव, मी मासे सोडलंय. व्हय म्हाराजा."

माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण त्या दिवसांत कुणी झाडाला सुतळी बांधायला सांगितली असती तर मी तीही बांधली असती.

पोर जगलं. आईनं शब्द पाळला. वर्षातले सात-आठ महिने ती व्हिजिट पासवर आमच्याकडे असायची, आणि इरा तिच्याच अंगाखांद्यावर मोठी झाली. सकाळी दोघी बाजारात जायच्या. ओल्या फरशीवर, बर्फाच्या पाण्यातून, आई मासेवाल्या अंकलसमोर उभी राहायची. मग कल्ला उचलून बघायची, अंगठा दाबायची आणि मान हलवायची. "नाय. कालचो." अंकलला शब्द कळायचा नाही, अर्थ बरोबर कळायचा. तो हसून खालचा ताजा बांगडा काढून द्यायचा. इराला वाटायचं, आपल्या आजीला चिनी येतं.

घरी आई कालवण करायची आणि चव न घेता मीठ घालायची. वाफेवर नाक धरायचं, डोळे मिटायचे, आणि चिमूट टाकायची. सात वर्षांत एकदाही मीठ चुकलं नाही. मकरंद जुरोंग आयलंडवरून कंपनीच्या बसनं थकूनभागून यायचा आणि ताटावर बसला की म्हणायचा, "आई, तुमचं नाक विम्याला टाकायला हवं." आई हसायची आणि तिच्या ताटातल्या वरणात भात कालवायची. त्या वेळी ती आमच्या ताटांकडे बघत नसे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

इरा सात वर्षांची झाली त्या डिसेंबरात क्योतोला जायचं ठरलं. आईला देवळं बघायची होती, इराला बर्फ. मी दोन महिने यादी करत होते. जपानमध्ये मासा दिसत नाही तिथंही असतो, हे मला तेव्हा कळलं. भाजीच्या रश्श्यात, नूडल्सच्या पाण्यात, सोयाच्या बुडवणीत, सगळीकडे वाळवलेल्या माशाचा अर्क. बौद्ध मठांतलं जेवण चालणार होतं, तिथं समुद्रातल्या शेवाळाचं पाणी वापरतात. अशा जागा मी हिरव्या केल्या. तांजोंग पगारला काम करणाऱ्या एका जपानी ओळखीच्या बाईंकडून एक कार्ड लिहून घेतलं: 'ही बाई मासा खात नाही, माशाचं पाणीही चालत नाही.' ते लॅमिनेट केलं. मकरंद म्हणाला, "आता फक्त पोलीस बंदोबस्त राहिलाय." आई मात्र गंभीरपणे म्हणाली, "करू दे तिला. पोराच्या जिवाचा प्रश्न आहे." मी हसले होते. मला ती म्हाताऱ्या माणसांची एक समजूत वाटत होती, आणि समजूत सांभाळायला माझी काही हरकत नव्हती.

पहिले दोन दिवस यादी चालली. मठातलं जेवण लाकडी ताटलीत आलं, त्यात तिळाचं तोफू आणि भोपळ्याचा एक तुकडा, तोही सजवलेला. इरा म्हणाली, "दॅट्स ऑल, अह?" पण आईनं चवीनं खाल्लं. देवळांतून उदाचा वास, लाकडी फरशीवर मोज्यांचा आवाज, झाडांवर उरलेली चार लाल पानं. आईनं नऊवारीखाली दोन पायमोजे आणि वर मकरंदचं जाकीट घातलं होतं. इरा तिचा हात सोडत नव्हती.

तिसऱ्या दिवशी करायला गेले एक आणि झालं भलतंच. हिरवी जागा बंद होती. दारावर कसली तरी चिठ्ठी. दुसऱ्या हिरव्या जागेत आधी सांगून ठेवावं लागतं, ते मी लिहायचं विसरले होते. मी, चुका शोधण्याचा पगार घेणारी. पाऊस लागला, त्यात बर्फाचे बारीक कण. इराचे ओठ निळसर झाले होते, ती रडायचीही थांबली होती. समोर एक लहानसं नूडल्सचं दुकान होतं, दाराला निळा कापडी पडदा, आतून वाफ येत होती. आम्ही शिरलो.

दुकानातल्या म्हाताऱ्या बाईंनी कार्ड वाचलं. दोन्ही हातांनी फुली करून दाखवली. मग आतल्या पातेल्याकडे बोट केलं आणि तळवा पाण्यात पोहणाऱ्या माशासारखा हलवला. यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगणार? आई पाठमोरी होती, इराचे ओले हातमोजे ओढून काढत होती. मकरंद बूट सोडत होता.

"काय म्हणते गो?" आईनं विचारलं.

"चालेल म्हणते," मी म्हणाले. "नुसतं शेवाळाचं पाणी असतं."

हे वाक्य मी विचार करून बोलले. भूक लागली होती, पोर गारठलं होतं, आणि माझी यादी फसली होती हे मला कबूल करायचं नव्हतं. तिन्ही कारणं खरी आहेत. तिसरं जास्त खरं आहे.

वाट्या आल्या. आईनं वाटी दोन्ही हातांत उचलली, नाकाजवळ नेली आणि थांबली. तेव्हा मला आठवलं की ही बाई वाफेवर मीठ ओळखते. तिनं माझ्याकडे बघितलं. मी इराच्या नूडल्स फुंकायला लागले. मग आईनं वाटी तोंडाला लावली. प्यायली, परत प्यायली. नूडल्स राहिल्या, पण रस्सा तळापर्यंत संपला. मकरंद म्हणाला, "वा, आज आवडलेलं दिसतंय." आईनं पदरानं तोंड पुसलं.

नंतरचे दोन दिवस तिनं फक्त केळी खाल्ली. पोट बरं नाही, म्हणाली. मी सुटकेचा श्वास टाकला.

सिंगापुरात परतल्यावर जानेवारीत शाळा सुरू झाली आणि इराला ताप आला. त्या वर्षी डासांचा ताप घरोघरी होता, आमच्या ब्लॉकच्या खाली लाल इशाऱ्याचा फलक लागला होता. चौथ्या दिवशी तिला हॉस्पिटलात ठेवलं. रोज सकाळी रक्त काढायचे आणि दुपारी प्लेटलेट्सचा आकडा सांगायचे. आकडा रोज खाली यायचा. इराच्या दंडावर लाल ठिपके उठले होते. खोलीत तोच हात धुवायच्या औषधाचा वास होता. मी आईकडे बघायचं टाळत होते आणि आई माझ्याकडे.

तिसऱ्या दुपारी नर्स आकडा सांगून गेली, आणि माझ्यानं राहवलं नाही. इरा झोपली होती. मी म्हणाले, "आई, त्या दुकानात माशाचं पाणी होतं. त्या बाईनं मला सांगितलं होतं. मी तुझ्याशी खोटं बोलले."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर किती बरं झालं असतं. घाबरली की आई अख्खी मालवणीत जायची. ती हळूच म्हणाली, "वाटी नाकाकडे नेलंय तेवाच कळला माका."

"मग प्यायलीस कशाला?"

"सात वर्सां झाली होती गो." तिनं तोंड फिरवलं. "तू एक घोटाचा खोटा बोललंस. आख्खी वाटी मीच संपवली. माका बरी लागली."

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी त्याऐवजी शिकलेल्या बाईसारखं भाषण केलं. हा डासामुळे होणारा ताप आहे, त्याचा वाटीशी काही संबंध नाही, एक टक्कासुद्धा नाही. आई ऐकत होती. मग उठून खिडकीपाशी गेली, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. ती रडतेय असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी आकडा थांबला. तिसऱ्या दिवशी वर चढला. इरा घरी आली, आणि पंधरा दिवसांत आई मालवणला निघून गेली. पासची मुदत अजून चार महिने होती.

ती परत आली नाही. आधी गुडघा दुखत होता, मग तिच्या इमारतीच्या गच्चीचं काम निघालं, मग आंब्यांचे दिवस, मग कुणाचं तरी बाळंतपण. आम्ही पुण्याला मकरंदच्या घरी गेलो आणि तिथून मालवणला यायचं म्हटलं की ती नेमकी बेळगावला लग्नाला गेलेली असायची. स्मार्टफोन तिनं घेतलाच नाही. फोनवर इराशी दोन वाक्यं बोलायची, जेवलीस का आणि अभ्यास कर, आणि लगेच मला दे म्हणायची. बाजारातल्या अंकलनं बरेच दिवस विचारलं, "ग्रँडमा कमिंग?" मग त्यानंही सोडून दिलं. घरातून तिरफळांचा वास गेला. मी त्याच वस्तू आणून तेच कालवण करत असे, पण मीठ चाखून घालावं लागे.

नऊ वर्षांची असताना इरानं मला एमआरटीच्या मेट्रोत विचारलं, "आजी हेट्स मी, ममा? मी काय केलं?" मी म्हणाले, "असं नसतं बाळा, आजीचं वय झालंय." इरानं पुन्हा विचारलं नाही. ती विचारायची थांबली, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

आई सिंगापूर सोडून गेल्यावर चार वर्षांनी ऑफिसच्या कामाला मुंबईत आले होते, तेव्हा न सांगता एकटीच मालवणला गेले. दार उघडल्याबरोबर बांगड्याचा वास आला. आईनं आधी माझ्या मागं जिन्यावर डोकावून बघितलं, मग मला आत घेतलं. तिच्या ताटात मासा होता.

"तू खातेस?"

"तो नवस मोडला ना. आता पाळून काय उपयोग?" ती म्हणाली. माझ्या ताटात तुकडा वाढला. "दुसरा धरलाय."

"दुसरा कुठला?"

"मासे सोडले होते, ते माझ्यानं झालं नाही. मग त्याहून मोठं काय होतं गो माझ्याजवळ सोडायला?" तिचा आवाज अगदी साधा होता. "इराला आणलं नाहीस ते बरं केलंस."

तेव्हा मला हॉस्पिटलची खिडकी आठवली आणि ते हलणारे खांदे. ती रडत नव्हती, गाऱ्हाणं घालत होती. पोराला वाचव, मी तिचं तोंड बघणार नाही. व्हय म्हाराजा म्हणायला तेव्हाही दुसरं कुणी नव्हतं.

मी भांडले. ताटावर बसून भांडले, रडले, तिला अडाणी म्हणाले. ती तेवढंच म्हणाली, "पोर धडधाकट आहे ना? मग झालं तर." सिंगापूरला परत आले आणि इराला काही सांगितलं नाही. मनाशी म्हणायचे, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण खरी गोष्ट एवढीच की आजी का येत नाही हे सांगायचं, तर त्या दुकानात मी काय बोलले तेही सांगावं लागलं असतं. आईनं माझ्या खोट्याची शिक्षा स्वतःला करून घेतली होती, आणि मी ती माझ्या मुलीलाही भोगायला लावत होते. आणखी सात वर्षं.

त्या संध्याकाळी मी घरी आले. इरा जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसली होती. "लिस्ट?" तिनं हात पुढे केला. मी शीट उघडून लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. तिनं शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "ममा, व्हाय सो सिरीयस? मासा, क्वेश्चन मार्क?"

मग मी सांगितलं. पेटीपासून वाटीपर्यंत, आणि खिडकीपासून मालवणच्या ताटापर्यंत. ती म्हातारी बाई तळवा हलवून दाखवत होती, तेही सांगितलं. लहानपणी रडताना धरायची तसा इरानं खालचा ओठ दातांत धरला होता.

"सो शी वॉज नॉट अँग्री," शेवटी ती म्हणाली. "ऑल धिस टाइम."

"नाही गं."

"मग आधी मालवण. क्योतो कॅन वेट लह." तिनं नकाशाची घडी घातली. "आजीनं प्रॉमिस केलं मला बघायचं नाही. मी कुठं केलं?"

"नको!" मी ओरडले.

इतक्या मोठ्यानं, की मकरंद आतून बाहेर आला. इरा माझ्याकडे बघत राहिली. "ममा. यू बिलीव्ह इट, अह?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. आईला अडाणी म्हणणारी मी, माझ्या समोर इराचे ते ठिपके उठलेले दंड दिसत होते. ही भीती काय असते ते मला त्या टेबलापाशी पहिल्यांदा कळलं. आईनं ती अकरा वर्षं एकटीनं सांभाळली होती, त्या घरात.

"माहीत नाही," मी म्हणाले. "भीती वाटते, एवढं खरं."

"आय नो," इरा म्हणाली. "मलाही वाटते. बट शी इज सेव्हन्टी-सिक्स, ममा."

न सांगता जाऊ या, म्हणजे आजीला पळायला वाव राहणार नाही, असं मकरंदचं म्हणणं होतं. मी नाही म्हणाले. आईच्या पाठीमागं एकदा ठरवून झालं होतं. मी तिथंच, दोघांसमोर, फोन लावला. आईचा "हॅलो" आला, मागं कुकरची शिट्टी.

"आई, पुढच्या आठवड्यात येतेय. इरा बरोबर आहे. तिला मी सगळं सांगितलंय. तुला नको असेल तर आत्ता सांग, आम्ही येणार नाही. पण तुझ्यापासून लपवून आणणार नाही."

कुकरची दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. इरानं माझं मनगट घट्ट धरलं होतं. फोन ठेवला की काय, असं वाटून मी "आई?" म्हणाले, तेव्हा आईचा श्वास ऐकू आला, आणि मग तिचा आवाज, घाबरलेला, मालवणीतला.

"पोर मासे खाता मा गो?"